जहाज निघून गेल्यावर

परदेशातल्या गरीब वस्त्यांत शिबिरं भरवून मोफत शस्त्रक्रिया करणाऱ्या एका संस्थेचा वार्षिक अहवाल या आठवड्यात हाती पडला. पानोपानी एकच हिशेब : मोतीबिंदू किती, दुभंगलेले ओठ किती. शिबिरांच्या आकड्यांवरून मी या जागेत पूर्वीही भांडलो आहे आणि तो राग अजून तसाच आहे. शिबिर उठल्यावर टाका पिकला तर रुग्णाने कुणाकडे जायचं, याचं उत्तर या अहवालातही नाही.

ते उत्तर मला दिसतं इथिओपियातल्या अदिस अबाबात. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर जोडपं १९५९ साली इथिओपियात गेलं ते सुइणींची शाळा काढायला, तीन वर्षांच्या करारावर. पुढ्यात आल्या अडलेल्या बाळंतिणी. दिवसेंदिवस कळा, बाळाचं डोकं ओटीपोटात अडकलेलं. त्या दाबाने मूत्राशयाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथे भोक पडतं; हाच फिस्टुला. मूल बहुधा जातं, बाईची लघवी रात्रंदिवस गळत राहते, नवरा टाकून देतो. अशा बायकांसाठी दोघांनी १९७४ मध्ये मोफत फिस्टुला हॉस्पिटल उभारलं.

मामितू गाशे त्यांच्याकडे अशीच रुग्ण म्हणून आली होती. अक्षरओळख नव्हती. ती तिथेच राहिली, खाटा आवरू लागली, मग शस्त्रक्रियेत हाताखाली उभी राहिली आणि शेवटी स्वतः शस्त्रक्रिया करू लागली. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन दांपत्याबरोबर तिलाही सुवर्णपदक दिलं.

मर्सी शिप्स या संस्थेच्या जहाजांवरच्या तरंगत्या रुग्णालयांबद्दल मला आदर आहे. तिथले डॉक्टर, नर्स पगार घेत नाहीत, उलट जेवणाखाण्याचा खर्च स्वतः भरतात. स्थानिकांना शिकवण्याचं कामही ते करतात. पण जहाज कधीतरी नांगर उचलणारच. मामितू मात्र इथिओपियातलीच होती.

कॅथरीन हॅम्लिन आणखी पुढे गेल्या. २००७ मध्ये सुइणींचं कॉलेज निघालं. खेड्यांतल्या मुली निवडायच्या, शिकवायच्या आणि आपापल्या भागात परत धाडायच्या. अडलेली बाळंतीण वेळीच ओळखून सिझेरियनसाठी पाठवणारी बाई गावात असली, तर फिस्टुला होतच नाही. ती न झालेली शस्त्रक्रिया कुठल्याही अहवालात मोजली जात नाही, आणि देणगीदारही ती मोजायला सांगत नाहीत.

अहवाल काढणाऱ्या त्या संस्थेला मी पत्र धाडलं आहे : तुमच्या माघारी तिथे शस्त्रक्रिया करू शकणारी स्थानिक माणसं किती, आणि त्यांचा पगार कोण देतं, एवढं कळवा.