पहिल्या दिवसाचा कागद

'एम-वन निघाला का रे?'

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मूल असलेल्या घरात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्यातले 'निघाला' हे क्रियापद मोठे बोलके आहे. पायातला काटा निघतो, कपड्यावरचा डाग निघतो, तसा गणिताचा पहिला पेपर 'निघतो'. दहावीचा इतिहास 'निघाला' असे कोणी म्हणत नाही!

या एम-वनचा मोठा भाग म्हणजे कॅल्क्युलस. बदलत्या गोष्टींचे गणित. घाट उतरणाऱ्या एस.टी.चा अमक्या क्षणी नेमका वेग किती, या प्रश्नाला उत्तर देणारी विद्या. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ या दोघांनी ती आपापल्या वाटेने उभी केली. आपली मुले तिची सूत्रे बारावीत पाठ करतात आणि सीईटीसाठी भराभर गणिते उडवतात. पहिल्या वर्षाला आल्यावर 'असे का?' हा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो आणि नव्वद टक्केवाल्यांचेही पाय लटपटतात.

एका जिल्ह्याच्या गावी मी हा विषय ३१ वर्षे शिकवला. २०१७ साली निवृत्त झालो. त्यातली पहिली २५-२६ वर्षे सत्राच्या पहिल्या दिवशी मी काय सांगत असे, ते आजही तोंडपाठ आहे. हजेरी ७५ टक्के. जर्नल वेळेवर. टर्मवर्कवर सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. ४० गुणांना पास. एटीकेटीचा नियम अमुक. आणि शेवटी, 'काही अडचण असेल तर केव्हाही या.' पाच मिनिटांत हे उरकून मी फळ्याकडे वळत असे. आपण सगळे नियम सांगितले, असे मला मनापासून वाटे.

२०१२ च्या मे महिन्यात माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिले वर्ष संपवून सुट्टीला आली. तिच्या कागदपत्रांत कॅल्क्युलसच्या पहिल्या तासाला वाटलेला एक कागद होता. कागद कसला, चांगली सात पानांची चोपडी! वर्गातल्या प्रत्येक तासामागे घरी किमान दोन तास बसावे लागेल. गृहपाठ दर आठवड्याला. उशिरा दिलेला घेतला जाणार नाही, मात्र सर्वांत कमी गुणांचे दोन गृहपाठ हिशेबातून वगळले जातील. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. गृहपाठाची चर्चा मैत्रिणींशी खुशाल करा, पण लिहायला एकटीने बसा आणि कोणाशी चर्चा केली त्यांची नावे वर लिहा. शिक्षक भेटण्याचे वार, वेळ आणि खोली.

मी हसलो. 'हे शिक्षण आहे की घरभाड्याचा करारनामा?' असेही तिला म्हणालो.

त्याच पावसाळ्यात एस.टी. स्टँडवर एक माजी विद्यार्थी भेटला. मराठी माध्यमातून दहावी, शेतकऱ्याचा मुलगा, अक्षर मोत्यासारखे. एम-वन दोनदा राहिला आणि त्याने कॉलेज सोडले, एवढे मला माहीत होते. आता त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते आणि ते बरे चालले होते. चहा घेता घेता मी विचारले, 'अरे, अडत होते तर आला का नाहीस? मी तर सांगितले होते, केव्हाही या.' तो संकोचून म्हणाला, 'आलो होतो सर. दोनदा. तुम्ही दुसऱ्या सरांशी बोलत होतात. केव्हाही या म्हणालात, पण केव्हा यायचं ते कळलं नाही.'

घरी येऊन मी तो सात पानी कागद पुन्हा काढला. या वेळी हसू आले नाही.

माझे सगळे नियम परीक्षेचे होते. परीक्षेला कोण बसेल, किती गुणांना सुटेल, याचे. शिकायचे कसे, किती वेळ, कोणाबरोबर, अडले तर कोणत्या दारावर टकटक करायची, याबद्दल मी एक अक्षर बोललो नव्हतो. ज्याच्या घरात इंजिनीअर काका आहे त्याला हे सांगावे लागत नाही. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, त्याला ते न सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीची खोली सांगून निघून जाणे.

पण केवळ कागद वाटून भागते असेही नाही. अमेरिकेतच बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात एक प्रश्न उभा राहिला होता. कॅल्क्युलसच्या पहिल्या परीक्षेत कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत. कारणे सगळ्यांच्या जिभेवर तयार होती: जिद्द नाही, पाया कच्चा, घरी पाठबळ नाही, गरिबी. युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास करतात तरी कसा, हे त्यांच्यात जाऊन पाहिले. यांतले एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय मुले वर्ग चुकवत नव्हती; शिक्षकांनी सांगितले तेवढे तास निष्ठेने बसत होती, पण एकेकटी. चिनी मुले आठवड्याला सुमारे १४ तास देत. आधी स्वतःचे स्वतः करत आणि संध्याकाळी एकत्र जमून, जेवता जेवता एकमेकांची उत्तरे तपासत. आपले नेमके कुठे चुकते हे त्यांना परीक्षेच्या आधी कळे, इतरांना परीक्षेनंतर! ट्राइसमन यांनी मग 'कच्च्या मुलांसाठी जादा तास' काढले नाहीत. नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली आणि मुलांना एकत्र बसवले. ती मुले पुढे आली. १९९२ साली त्यांनी हा अनुभव लिहून काढला, तो आजही वाचण्यासारखा आहे.

आमच्याकडे 'एकत्र' म्हटले की प्राध्यापकांच्या कपाळावर आठी चढते: नक्कल होईल! जणू आता होत नाही. एका वर्षी एका हुशार मुलीच्या जर्नलात एक वजाचे चिन्ह सुटले होते. ते सुटलेले चिन्ह पुढे चाळीसेक जर्नलांत इमानाने सुटले. आणि त्या सर्वांवर माझी सही आहे.

खरे तर जागा मोकळी आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात एम-वनला आठवड्याला तीन तास व्याख्यान आणि एक तास ट्यूटोरियल होते. सत्राच्या मध्ये ३० गुण, शेवटी ७०, आणि टर्मवर्कला वेगळे २५. हा ट्यूटोरियलचा तास चार-चार मुलांच्या गटात एका अवघड गणिताशी झुंजण्यासाठी वापरला, तर नवा पैसाही लागत नाही. बहुतेक ठिकाणी त्या तासाला फळ्यावर सोडवलेले गणित वहीत उतरवले जाते.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या पुस्तिकेत, बारावीला गणित नसले तरी अभियांत्रिकीला प्रवेशाची वाट खुली करण्याची भाषा आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मीही तावातावाने बोललो. पण भांडण सगळे दरवाजाचे होते. आत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात काय सांगायचे, यावर कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही. आईवडीलसुद्धा अकरावी-बारावीच्या क्लासला लाखांनी पैसे मोजतात, आणि प्रवेश झाला की त्यांचे काम संपते. उरतो तो वरचा 'निघाला का रे?'

निवृत्तीपूर्वीच्या पाच वर्षांत मी एक कागद वाटत होतो. सात पाने नव्हे, एकच. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. निकाल एकदम उंचावला असे मी सांगणार नाही, तसे झाले नाही. काही मुले मात्र व्हरांड्यात घोळक्याने भांडताना दिसू लागली, आणि भांडण सीमेच्या व्याख्येवरून असे. एका सहकाऱ्याने तो कागद 'लाड' म्हणून उडवून लावला. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, मोठ्या मुलांना किती सांगायचे यालाही सीमा असते. पण तिकिटाच्या खिडकीवर गाड्यांची वेळ लिहिणे म्हणजे प्रवाशांचे लाड, असे मला अजून वाटत नाही.

त्या कागदाची मराठी बाजू भाचीच्या मुलीने आणि मी मिळून तयार केली होती. 'ऑफिस अवर्स' या शब्दांपाशी आम्ही बराच वेळ अडलो. 'कार्यालयीन वेळ' म्हटले की दहा ते पाच आणि मध्ये जेवणाची सुट्टी. 'शंकासमाधान' म्हणावे तर कीर्तनानंतर बुवा बसल्यासारखे वाटते. शेवटी तिनेच पेन घेतले आणि लिहिले: 'सर बुधवारी चार ते पाच खोली क्रमांक ७ मध्ये तुमच्यासाठीच बसलेले असतात. दोघे-तिघे मिळून या.'