लोखंडाचा माज

जुन्या अमेरिकन मोटारींचे रूप देखणे की भडक, यावर शौकिनांत आजही हमरीतुमरी चालते. 1959 सालची कॅडिलॅक हा त्या वादाचा कळसाध्याय. मागे दोन्ही बाजूंना उसळलेले टोकदार पत्र्याचे पंख, प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन दोन तांबडे दिवे आणि सभोवार क्रोमचा लखलखाट. एक म्हणतो, हे चाकांवरचे शिल्प. दुसरा म्हणतो, नवश्रीमंतांचा थिल्लरपणा. दोघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. पंख सुंदर होते की कुरूप, हे दुय्यम आहे. ते कोणाला दिपवण्यासाठी लावले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे विचारल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. आणि हे विचारण्याची गरज आज या मोटारी घडवणाऱ्या डेट्रॉइटपेक्षा पोलाद घडवणाऱ्या आपल्या भिलाईला अधिक आहे.

त्याच 1959 साली, 4 फेब्रुवारीला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. इकडे रुळांसाठी, पुलांसाठी, धरणांसाठी पोलाद हवे होते. तिकडे पोलाद इतके झाले होते की ते मिरवायला उरले.

हे मिरवणे आपोआप आले नाही. जनरल मोटर्सने 1927 साली हार्ले अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांच्या रूपरंगासाठी स्वतंत्र विभाग काढला. पुढच्याच वर्षी या कंपनीने मुंबईत मोटारी जोडायला सुरुवात केली, म्हणजे ही कथा आपल्याला अगदीच परकी नाही. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांचे धोरण सरळ होते: दरवर्षी गाडीचे रूप बदलायचे, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून माणसाला आपली धडधाकट गाडी जुनाट वाटू लागेल. लॉकहीडच्या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले पंख 1948 च्या कॅडिलॅकवर आले. 1957 साली क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनर यांनी ते आणखी उंचावले. बाजारहाटाला निघालेल्या गाडीला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोग एकच, शेजाऱ्याचे पोट दुखवणे.

त्या देशाची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तिथल्याच माणसांनी या उन्मादाला जाब विचारला. रेमंड लोवी स्वतः मोटारींचे नामांकित रचनाकार. त्यांनी 1955 साली या गाड्यांची चाकांवरचे ज्यूकबॉक्स अशी संभावना केली. व्हान्स पॅकार्ड यांनी 1960 साली ‘द वेस्ट मेकर्स’ लिहून जाणूनबुजून केल्या जाणाऱ्या नासाडीचे वाभाडे काढले. राल्फ नेडर यांनी 1965 च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात पंखांवर आदळून जखमी झालेल्या आणि जिवाला मुकलेल्या माणसांची प्रकरणेच मांडली. दुसऱ्याच वर्षी तिथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला. पत्र्याच्या दिमाखापेक्षा माणसाचे डोके मोलाचे, एवढे तरी तो समाज कागदावर कबूल करून मोकळा झाला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या रस्त्यांवरही पंख होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटला, पुढच्या पद्मिनीला, मागे इवलेसे पंख असत. त्यांनी कोणाचे वाकडे केले नाही. आपली मग्रुरी गाडीच्या मागच्या बाजूला कधी बसलीच नाही, ती पुढे येऊन बसली. संध्याकाळी भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात उभे राहा. सायकली, भाजीच्या हातगाड्या, पोराचे बोट धरून रस्ता ओलांडणाऱ्या बायका यांच्या अंगावर येणारी उंच काळी गाडी पाहा. तिच्या तोंडाला जाडजूड लोखंडी नळ्यांचा गार्ड, काचांना काळी फिल्म, नंबरप्लेटवर 4141 असा फिरवून काढलेला आकडा की वाचणाऱ्याने ‘दादा’ वाचावे.

तो गार्ड काय करतो, हे गॅरेजवाला सांगत नाही. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा बनवलेला असतो, म्हणजे धडकेचा मार तो भाग खातो आणि आतला माणूस वाचतो. वर नळ्या ठोकल्या की तो मार थेट चासीवर जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकतो. समोरच्या माणसाच्या मांडीला, पोराच्या छातीला तर पत्र्याऐवजी नळीच भेटते. म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले, की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध आहेत. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच बंदी घातली. मंत्री-साहेबांच्या गाडीवरचा लाल दिवा 1 मे 2017 पासून उतरवला. म्हणजे कायदा उणा नाही; उणी आहे ती लाज. लाल दिवा गेला तेव्हा ज्यांनी लोकशाहीचा विजय म्हणून पेढे वाटले, त्यांनीच पुढच्या महिन्यात आपल्या गाडीला सायरन बसवून घेतला.

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत 32,825 पायी चालणारी होती. ती सारी गार्डवाल्या गाड्यांनी मारली असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या देशात पायी चालणारे असे हजारोंनी मरतात, तिथे गाडीच्या तोंडाला आणखी लोखंड बांधणाऱ्याला हौशी म्हणायचे की निर्दय, हे ज्याने त्याने ठरवावे.

भिलाईतल्या आपल्या मराठी मंडळींना हे बोल जास्त लागायला हवेत. नागपूर, वर्धा, गोंदियाकडून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी या कारखान्यात पाळ्या केल्या. ते सायकलवरून गेटवर जात आणि साहेबाच्या गाडीला वाट देताना मान खाली घालत नसत. दल्ली-राजहराच्या खाणीतल्या मजुराने फोडलेले लोहखनिज, त्याचे झालेले पोलाद, त्या पोलादाचे रूळ. या साखळीतल्या प्रत्येकाला आपल्या कामाचा अभिमान होता. त्याच खाणमजुरांना माणसासारखे जगता यावे म्हणून शंकर गुहा नियोगी लढले आणि 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे याच भिलाईत झोपेत गोळी घालून त्यांना मारण्यात आले. कंत्राटी कामगार आजही सायकलने गेटवर येतो. त्याला हॉर्न वाजवून बाजूला सारणाऱ्या गाडीत कधी कधी सायकलवाल्याचाच नातू असतो. घराण्याची प्रगती म्हणतात ती हीच का?

पुन्हा लग्नाच्या बैठकीत याच गाडीचे दुसरे सोंग. ‘आम्हाला हुंडा नको हो, फक्त मुलीला सोयीची म्हणून गाडी.’ आणि मग सोयीची गाडी कोणती, यावर दोन दिवस खल. छोटी चालत नाही, रंग पांढरा नको, सनरूफ हवेच. 1961 पासून हुंडाबंदीचा कायदा आहे. त्याला चार चाके लावून अंगणातून बाहेर ढकलण्याचे कसब सुशिक्षितांनी साधले. मुलीचा बाप हप्ते फेडतो, व्याही चावी फिरवतात, आणि पाहुणे गाडीभोवती फिरून रूपाची तारीफ करतात. त्या तारीफ करणाऱ्यांत तुम्ही-आम्ही सगळे असतो.

यावर ठरलेले उत्तर तयार असते: हौसेला मोल नाही, आमच्या पैशाची गाडी, तुमच्या पोटात का दुखते? जुनी गाडी जिवापाड जपून, तिचा एकेक स्क्रू पुसून ठेवणाऱ्या शौकिनाशी आमचे भांडण नाही. त्याची हौस त्याच्या घामाची आणि त्याच्या गॅरेजापुरती. भांडण आहे ते दुसऱ्याला घाबरवल्याशिवाय जिची मजाच येत नाही त्या हौसेशी. रस्ता तुमच्या पैशाचा नाही, त्यावरून चालणाऱ्या पोराचा जीव तुमच्या पैशाचा नाही, आणि सुनेच्या बापाचे कर्ज तर मुळीच तुमच्या पैशाचे नाही.

तेव्हा गार्ड उतरवा. फिल्म खरवडून काढा. ‘दादा’ पुसून आकडे आकड्यांसारखे लिहा. गाडीवर ठरणाऱ्या लग्नाचे निमंत्रण परत करा आणि का परत करतो ते तोंडावर सांगा. मग गाडीच्या रूपावर खुशाल रात्रभर वाद घाला. पण त्याआधी तुमच्या गाडीसमोरून रोज सायकल हाणणाऱ्या माणसाला विचारा, त्याला ती कशी दिसते. त्याचे उत्तर ऐकण्याची हिंमत नसेल, तर सुसंस्कृत म्हणवून घेण्याचा हक्क सोडा.