वरळीचा डोम की गावचं खळं?

भात कापून झालं, झोडणी उरकली की आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात कबड्डीचे फलक लागायला सुरुवात होते. नाक्यावर, दुधाच्या डेअरीवर, रेशनच्या रांगेत पोरांचा एकच विषय. तो दोन प्रश्नांवर फिरतो. प्रो कबड्डीचे सामने मुंबईत परत कधी होणार, हा पहिला. आणि आपल्या स्पर्धेला यंदा कोणते संघ बोलवायचे, हा दुसरा. वरवर बघता ही पोरासोरांची चर्चा वाटते. पण यात गावचा पैसा, जमीन, मजुरी आणि काही पोरापोरींची नोकरी गुंतलेली आहे. म्हणून शेतीच्या पानावर हा विषय घेतला आहे.

आधी मुंबईचं बघू. प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून आपला पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे लीग आणि जिल्हा एकाच आठवड्यातली भावंडं. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाला आणि यू मुंबा जयपूरकडून ३५-२४ अशी हरली. पुढच्या वर्षी त्याच डोममध्ये मुंबईने बंगळुरूला ३६-३० ने नमवून चषक घेतला. तेव्हा इकडच्या पाड्यांत दूरदर्शन संचासमोर जत्रेसारखी गर्दी व्हायची, ती आजही अनेकांना आठवते.

त्या वेळी प्रत्येक संघाच्या शहरात सामने व्हायचे. गाडा गावोगाव फिरावा तशी लीग शहरोशहरी फिरायची. कोरोनाच्या काळात, २०२१-२२ चा सगळा हंगाम बंगळुरूतच, प्रेक्षकांविना झाला. दहाव्या हंगामात गाडा पुन्हा बारा शहरांत फिरला आणि जानेवारी २०२४ मध्ये डोममध्ये सामने झाले. त्यानंतर मात्र आखडतं घेतलं गेलं. अकरावा हंगाम फक्त हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे झाला. २०२५ चा बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. त्यात मुंबई नाही आणि पुणेही नाही. दिल्लीतल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. महाराष्ट्राचा संघ अंतिम फेरीत, पण महाराष्ट्राच्या मातीवर, चुकलो, मॅटवर, एकही सामना नाही.

पोरं म्हणतात, आपल्यावर अन्याय झाला. याचा हिशोब साधा आहे. २०२१ मध्ये पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ९०८ कोटी रुपयांना गेले. ज्या खेळाची कमाई पडद्यावरून येते, त्याला खुर्चीवरचा प्रेक्षक शोभेपुरता लागतो. भाजीचा व्यापारी थेट बागेवर माल उचलू लागला की आठवडा बाजाराच्या ओट्याला कोण विचारतो? तसंच हे. तेव्हा सामने मुंबईला परत आले तर आनंदच आहे, पण त्या आशेवर आपलं नियोजन लटकवू नये.

आणि आले तरी जाणार कसे, हाही प्रश्न आहेच. डहाणू रोड ते चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, ही सोय झाली. पण सामने रात्री आठ-नऊचे. ते संपवून महालक्ष्मी स्टेशन गाठायचं आणि घरी पोचायचं, तर मध्यरात्र उलटणारच. तलासरीला तर रेल्वेच नाही. मग दहा-पंधरा जण मिळून गाडी करतात, महामार्गाने रात्रीचा प्रवास, तिकीट, खाणं, आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळी. हौस म्हणून एकदा जावं, बघून यावं. डोममधल्या उजेडात चढाई बघणं ही गोष्टच निराळी, हे मी नाकारत नाही.

आता दुसरा प्रश्न, जो खरा आपल्या हातातला आहे. समोर कोण हवं?

एक गट म्हणतो, नामांकित संघ बोलवा, मुंबईचे व्यावसायिक खेळाडू आले तरच गर्दी होते. दुसरा म्हणतो, आपल्याच पाड्यांचे संघ खेळवा. पहिल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ज्याने चढाईत बोनस कसा उचलायचा, तिसऱ्या चढाईला कसं जायचं हे पाहिलंच नाही, त्याचा खेळ आहे तिथंच राहतो. पण होतं काय? बाद पद्धतीत गावचा संघ पहिल्याच फेरीत मोठ्या संघासमोर येतो, दोन लोण खातो आणि वीस-वीस मिनिटांत बाहेर. प्रवेश फी गेली, वर्षाची तयारी गेली. बक्षिसाची रक्कम, जी गावातल्या दुकानदारांच्या आणि बागायतदारांच्या वर्गणीतून उभी राहिली, ती रात्री गाडीत बसून मुंबईला जाते. गावाला उरतो मंडपाचा खर्च.

माझं मत असं की, आधी पाड्या-पाड्यांचे संघ साखळी पद्धतीने खेळवावेत. प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतील. त्यातून वर आलेल्या दोन संघांसमोर मग बाहेरचे एक-दोन चांगले संघ आणावेत. बक्षिसाचा मोठा वाटा साखळीतल्या संघांसाठी राखून ठेवावा. मोठ्या संघाला मानधन आणि जेवण द्यावं, हरकत नाही, पण त्यांनी दुपारी दोन तास आपल्या पोरांना शिकवावं अशी अट घालावी. गावची स्पर्धा आहे, अटी गावाने घालायच्या.

वेळेचाही विचार हवा. दिवाळीनंतर आपली अर्धी तरणी मंडळी वीटभट्टीला, बांधकामावर, बोटीवर जातात. तलासरीकडची वापी-उंबरगावच्या कारखान्यांत पाळीवर असतात. डिसेंबरात स्पर्धा ठेवली की संघात कोण, तर जे उरले ते. शिवाय हाच वाणगाव भागात मिरची तोडणीचा काळ. रात्री दोनपर्यंत सामने आणि सकाळी सातला तोडणी, हे जमत नाही. शेतकरी मजुरावर चिडतो, मजूर मुकादमावर. होळीला बाहेर गेलेली माणसं घरी येतात. स्पर्धा शिमग्याच्या आगेमागे ठेवली तर संघ पूर्ण असतो आणि तोवर शेताची घाईही थोडी सरलेली असते.

आता मातीचं, म्हणजे माझ्या खात्याचं. स्पर्धा घ्यायची ठरली की सोपी जागा म्हणून भाताचं मोकळं खाचर धरतात. रोलर फिरवतात, पाणी मारतात, शेणसडा घालतात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे फार तर सव्वा-दीड गुंठा. पण मंडप, प्रेक्षक, गाड्या, खाण्याच्या गाड्या धरल्या की दहा-पंधरा गुंठे सहज तुडवले जातात. भातानंतर त्याच ओलीवर वाल, हरभरा, मूग किंवा चवळी येते. एकदा जमीन दाबली गेली की बी रुजत नाही, मूळ खाली जात नाही, ओल उडून जाते. बांध फुटले तर पावसाळ्यात खाचरात पाणी ठरत नाही. दाबलेली जमीन नांगराच्या एका तासाने सुटत नाही, भोगावं लागतं दोन-तीन हंगाम. शेतकरी भिडेखातर जागा देतो आणि नंतर बोलत नाही, एवढंच. मंडळाने जागा घेतली तर निदान वालाचं नुकसान भरून द्यावं आणि नांगरणी करून द्यावी.

त्यापेक्षा गावाचं कायमचं मैदान करणं स्वस्त पडतं. किनाऱ्याकडे घोलवड-बोर्डीला वाळूसर जमीन, पाणी चटकन निचरतं, पण पाय रुततो; तिथे चिकण माती मिसळावी लागते. आत तलासरीकडे जिथे काळी जमीन आहे तिथे उलट. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाय मुरगळायला एक भेग पुरते. तिथे वरचा काळा थर काढून खाली मुरूम दाबावा, वर चाळलेली लाल माती आणि थोडी वाळू. मधून किंचित उंच, कडेला चर, म्हणजे पाणी साचत नाही. खडा वेचण्याचं काम शाळेची मुलं हसत करतात. क्रीडा खात्याची क्रीडांगण विकासासाठी अनुदानाची योजना आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. सरपंचांनी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी जागेचा उतारा आणि ग्रामसभेचा ठराव आधी तयार ठेवावा. आपण पेसा क्षेत्रात आहोत, ग्रामसभेच्या शब्दाला इथे वजन आहे.

मॅटचा आग्रहही हल्ली होतो. अधिकृत स्पर्धा आता मॅटवर, बूट घालून होतात. मातीवर अनवाणी खेळलेला पोरगा तिथे पहिल्या दिवशी घसरतो, हे खरं. पण प्रत्येक गावाने मॅट घेण्याची गरज नाही. तालुक्यात एक-दोन ठिकाणी असावी आणि आळीपाळीने सराव करावा, फवारणी पंप जसा गटात वापरतो तसा.

आता नोकरीचं, कारण यात सर्वात जास्त फसगत होते. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गावोगावची खुली स्पर्धा कितीही मोठी असो, आमदार-खासदार येवोत, ढाल माणसाएवढी असो, तिच्या प्रमाणपत्रावर हे आरक्षण मिळत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा क्रीडा खात्याच्या ठरलेल्या स्तरावरच्या स्पर्धा लागतात, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून पोराला गावच्या बारा स्पर्धा खेळवण्याआधी त्याची जिल्हा संघटनेकडे नोंद आहे का, निवड चाचणी कधी आहे, हे विचारा. शाळेतल्यांसाठी १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा आहेत. जन्मतारखेचा दाखला बरोबर नसेल तर चांगला खेळाडू तिथेच अडकतो. आश्रमशाळांच्या प्रकल्प आणि विभाग पातळीवर स्पर्धा होतात, त्या पालकांनी गंभीरपणे घ्याव्यात.

मुलींचा विषय तर आपल्याकडे चर्चेतही येत नाही. पुढचा प्रतिस्पर्धी कोण, यावर पोरं इराणचं नाव घेतात, आणि बरोबरच आहे. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये आपले पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले. त्याच एशियाडमध्ये इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ ने हरवलं, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्राचं ज्ञान होतं, मैदान दुसऱ्याने दिलं. त्यानंतरच्या हांगझोऊ एशियाडमध्ये, २०२३ ला, भारताने दोन्ही सुवर्णपदकं परत आणली. महिलांचा अंतिम सामना चिनी तैपेईशी २६-२५, एका गुणाचा. २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला महिलांचा विश्वचषकही भारतानेच जिंकला, पुन्हा चिनी तैपेईलाच हरवून. चिनी तैपेई म्हणजे तैवान. कबड्डी त्यांच्या घरची नाही, पण ते आपल्या गळ्यापर्यंत येऊन पोचले आहेत.

आपल्या भागातल्या मुली लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून दिवसभर चिखलात राबतात, डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरतात. पायाची पकड आणि दम यांत त्या कोणाला ऐकणार नाहीत. स्पर्धेच्या फलकावर मात्र महिला गट शेवटच्या ओळीत, बक्षीस निम्मं, आणि सामने दुपारच्या उन्हात. यंदा ज्या मंडळांची बैठक अजून व्हायची आहे, त्यांनी महिलांचे सामने संध्याकाळी सहाला, दिव्याखाली ठेवावेत; रात्री उशीर नको, म्हणजे आयाबायाही बघायला येतील आणि मुलींना वेळेत घरी पोचवता येईल. साखळीत चार पाड्यांचे मुलींचे संघ मिळाले तरी पुष्कळ.