सरकीतली सहाशे एमबी

मोबाइलची गॅलरी फुल झाली की आपण काय करतो? चार गुड मॉर्निंग उडवतो, बाकीचं क्लाउडवर ढकलतो आणि विसरून जातो. पण दोस्तांनो, हा क्लाउड आभाळात नसतो. तो असतो जमिनीवरच्या डेटा सेंटरमध्ये आणि तिथली मशीन चालवायला, थंड ठेवायला चोवीस तास वीज लागते. २०२४ मध्ये जगातली जवळपास दीड टक्का वीज डेटा सेंटरनी खाल्ली. शिवाय हार्ड डिस्क काही वर्षांनी बदलावीच लागते.

यावरचा एक उपाय जालनेकरांच्या रोजच्या ओळखीचा आहे. सरकीचा दाणा घ्या. त्याच्या डीएनएमध्ये ए, टी, जी, सी या चार अक्षरांत कपाशीचा अख्खा आराखडा लिहिलेला असतो. सुमारे अडीचशे कोटी अक्षरं, म्हणजे साधारण ६०० एमबी. तेही विजेविना!

कॉम्प्युटरला ० आणि १ कळतात. ०० म्हणजे ए, ०१ म्हणजे सी असं ठरवलं की कुठलीही फाइल डीएनएत लिहिता येते. फाइल बियाण्यात भरायची नाही. लॅबमध्ये रसायनांपासून निर्जीव डीएनए बनवायचा. २०१२ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांनी असं एक पुस्तकच साठवलं. २०१७ मध्ये यानिव्ह अर्लिख आणि दिना झिलिन्स्की यांनी दाखवलेल्या पद्धतीनं एका ग्रॅममध्ये साडेएकवीस कोटी जीबी मावू शकतात. आणि टिकाऊपणा? ग्रीनलँडच्या थंडीत गाडलेला वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए शास्त्रज्ञांनी वाचलाय.

मग घोडं अडलंय कुठं? खर्च आणि वेग. अर्लिख यांच्या प्रयोगात फक्त २ एमबी लिहायला ७,००० डॉलर लागले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या यंत्रानं ‘हॅलो’ हा एक शब्द लिहून परत वाचायला २१ तास घेतले. लिहिताना घातक रसायनंही वापरावी लागतात. ती कमी झाली तरच याला ‘ग्रीन’ म्हणायचं. तेव्हा रील्ससाठी हे नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपायच्या दप्तरासाठी आहे.

आता आपला मुद्दा. ‘मॅथ्सवाले’ आणि ‘बायोवाले’ ही भिंत आपण अकरावीतच बांधतो. हे काम मात्र दोघांचं, शिवाय केमिस्ट्रीचंही आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. पुढं १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. बियाणं म्हणजे काय, हे या गावाला शिकवावं लागत नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा कॅम्पसही इथंच आहे. म्हणजे तिन्ही धागे हाताशी आहेत; ते एकत्र विणायला पुण्या-मुंबईची वाट कशाला बघायची?

येत्या प्रोजेक्टला तीन शाखांची तीन टाळकी एकत्र बसा. सुरुवात सोपी आहे: आपल्या कॉलेजचं नाव ए, टी, जी, सीमध्ये लिहून बघा. एक अक्षर चुकलं तर काय होईल, यावर वाद घाला. खरं संशोधन याच वादातून सुरू होतं.