रिचार्ज मारा, पण हिशेब विचारा!

मैत्रिणींनो, बायका व्यवहारात कच्च्या असतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या उरवड्याला किंवा पिरंगुटला भाजीवाल्यापुढे उभं राहून बघावं. मेथीची जुडी उलटीपालटी करून, काट्यावर डोळा ठेवून, वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागून घेतल्याशिवाय आपली पिशवी भरत नाही. दुधाचे खाडे कॅलेंडरवर, भिशीचा हप्ता वहीत, सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवर... सगळं कसं चोख! मग याच बायका मोबाइलच्या दुकानात गेल्या की एकदम गप्प का होतात? "दादा, रिचार्ज मारा," म्हणायचं, नंबर सांगायचा, पैसे ठेवायचे आणि निघायचं. कितीचा मारला, किती दिवसांचा मारला, काही विचारायचं नाही. आणि नेमकं इथंच आपल्याला फसवलं जातं.

पूर्वी निदान हातात काहीतरी पडायचं. आपल्याकडे मोबाइल आला १९९५ साली. सुरुवातीला येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. २००३ मध्ये ते बंद झालं आणि मग खेडोपाडी मोबाइल पोचला. तेव्हा दुकानात कूपन मिळायचं. नाण्याने खरवडायचं आणि आकडे दाबायचे. कर आणि फी कापून पन्नासच्या कूपनात पन्नासचा टॉकटाइम मिळायचा नाही, ही कुरकुर तेव्हाही होती. पण कूपनावर किंमत छापलेली असायची आणि आधीच खरवडलेलं कूपन घ्यायचं नाही, एवढं शहाणपण पुरायचं.

२०१२ मध्ये 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ग्राहकांसाठी नियम केले. प्लॅनच्या कूपनाला लाल पट्टा, टॉपअपला हिरवा, खास सवलतीच्या कूपनाला पिवळा. रंग बघूनच कळावं, काय घेतोय ते. कल्पना चांगली होती, पण पुढे कागदाचं कूपनच गेलं, मग पट्टा बघायचा कुठं? शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने ही रंगांची अट काढून टाकली. आता सगळा व्यवहार काउंटरच्या पलीकडे, दुकानदाराच्या मोबाइलवर. आपल्या हातात फक्त येणारा मेसेज, आणि तोही बहुतेक वेळा इंग्रजीत.

फसवण्याच्या पद्धतीही ठरलेल्या. पहिली, 'सर्व्हिस चार्ज' म्हणून वर पाच-दहा रुपये घ्यायचे. दुसरी, महिन्याचे पैसे घेऊन कमी दिवसांचा, कमी किमतीचा रिचार्ज मारायचा आणि मधली रक्कम गल्ल्यात टाकायची. तिसरी, पैसे घेऊन "सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळपर्यंत होईल" म्हणायचं आणि संध्याकाळी "तुमचा तर झाला की!" असं ठणकावून सांगायचं. चौथी जरा चलाखीची. "द्या ताई फोन, सेटिंग करून देतो," म्हणत फोन हातात घ्यायचा आणि नको असलेली एखादी सेवा चालू करून टाकायची. अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, असं ट्रायने २०१३ मध्ये बजावलं आहे. पण फोनच दुकानदाराच्या हातात असेल, तर दोन्ही वेळा 'हो' तोच म्हणतो!

आणखी एक गोष्ट फसवणुकीत मोडत नाही, पण खिशाला तेवढीच चाट लावते. ती म्हणजे न सांगणं. आपण 'महिन्याचा' म्हणतो, तो बहुतेक वेळा २८ दिवसांचा असतो. म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. निदान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवा, असं ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं. नुसतं बोलायला फोन लागणाऱ्यांसाठी, इंटरनेट नसलेले प्लॅन ठेवा, असा नियम डिसेंबर २०२४ मध्ये आला आणि जानेवारी २०२५ पासून तसे प्लॅन निघाले. साध्या बटणांच्या फोनवर बोलणाऱ्या आजीला दुकानात हे कुणी सांगितलं का? ती आपली रोजच्या दोन जीबीचे पैसे भरतेय. ते जीबी ना तिला दिसत, ना वापरता येत.

आता कुणी म्हणेल, "पाच-पन्नास रुपयांसाठी एवढं काय?" मला वाटतं, खरं दुखणं इथंच आहे.

आमच्या बचत गटातली एक ताई कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते. तिने महिन्याचा रिचार्ज मारायला सांगितला, पैसेही तेवढेच मोजले. दुकानातल्या मुलाने मारला बावीस दिवसांचा. तेविसाव्या दिवशी दुसरी पाळी सुटली, गाडी चुकली, घरी कळवायला फोन लावते तर लागेना. दुसरीच्या फोनवरून घरी कळवलं, मुलगा घ्यायला आला, सगळं पार पडलं. पण घरी काय झालं? दुकानदाराला कुणी काही बोललं नाही. बोलणी हिनेच खाल्ली. "तुला कळत नाही तर कशाला जातेस? यापुढे रिचार्ज मी मारत जाईन." झालं! स्वतः कमावणाऱ्या बाईचा फोन कधी चालू राहणार, हे त्या दिवसापासून दुसरं कुणीतरी ठरवायला लागलं.

म्हणून मी म्हणते, ही चोरी साठ-सत्तर रुपयांची नाही. चोरी करतो दुकानदार आणि शिक्षा होते बाईला. तिच्यावरचा घरचा विश्वास कमी होतो, तिचा स्वतःवरचाही होतो आणि ती काउंटरवर जायचीच थांबते. म्हणून फसल्याचं ती घरी सांगत नाही. आणि ती सांगणार नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. दिवसाला चाळीस जणींकडून पाच-पाच रुपये जास्त घेतले, तरी महिन्याचे सहा हजार होतात. चाळीस जणींच्या गप्प बसण्याची ती कमाई!

छोट्या रकमेकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण २०१७ सालचं आहे. तेव्हा सिमकार्डाला आधार जोडायची घाई होती. दुकानात रांगा लावून आपण अंगठे दिले. पुढे उघडकीला आलं की, एअरटेलच्या ग्राहकांची सिम तपासणी करताना अनेकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. गॅसची सबसिडी नेहमीच्या बँकेत न जाता या खात्यांत जमा होत होती. तेव्हाच्या बातम्यांनुसार २३ लाखांहून जास्त ग्राहकांचे ४७ कोटी रुपये असे जमा झाले होते. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणी थांबवली आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या पेमेंट्स बँकेला पाच कोटींचा दंड केला. ते पैसे परत करण्याचं कंपनीने मान्य केलं. आता भागाकार करून बघा. माणशी रक्कम येते दोनशे रुपयांच्या आसपास. "या वेळी सबसिडी आली नाही वाटतं," म्हणून किती घरांत तो विषय तिथंच संपला असेल!

पैशांपलीकडचंही आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातून बातमी आली होती. तिथं काही रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात होते, पन्नास रुपयांपासून पाचशे रुपयांपर्यंत. आणि दर ठरत होता मुलीच्या दिसण्यावर! नंबर न सांगता बायकांना रिचार्ज करता यावा म्हणून व्होडाफोनने 'सखी' नावाची योजनाही काढली होती. दुकानात वहीवर ओळीने लिहिलेले नंबर आपण रोज बघतो. ती वही कोण चाळतं, हा प्रश्न आईने विचारायला नको?

दुकानदारालाच सगळा दोष देऊन चालणार नाही, हेही खरं. गावातला दुकानदार महिनाअखेरीला उधारीवर रिचार्ज मारून देतो, म्हाताऱ्या माणसांना मेसेज वाचून दाखवतो. त्याला रिचार्जमागे सुटणारं कमिशन अगदी किरकोळ असतं. असे प्रामाणिक दुकानदार पुष्कळ आहेत. शिवाय कंपन्यांनी तरी काय धडा घालून दिलाय? २००५-०६ च्या सुमारास ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' मिळतंय म्हणून लोकांनी सिम घेतली. २०१८ च्या अखेरीला त्याच लोकांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज मारा, नाहीतर सेवा बंद, असे मेसेज यायला लागले. जन्मभराचा शब्द असा मोडतो, तर काउंटरवरच्या पोराने काय शिकायचं?

"आई, ऑनलाइन करत जा ना," असं मुलं म्हणतात. जिला जमतं तिने जरूर करावं. पण काही अॅपसुद्धा रिचार्जवर रुपया-दोन रुपये फी लावतात, तीही बघून घ्यावी. आणि जिचं बँक खातं नवऱ्याच्या नंबरला जोडलंय, घरात मोठा फोन एकच आहे आणि तो मुलाच्या हातात आहे, तिला दुकान सोडून दुसरा मार्ग नाही. तिला तिथंच ताठ उभं राहता आलं पाहिजे.

त्यासाठी फार शिकावं लागत नाही. रिचार्ज मारायच्या आधी तीन प्रश्न विचारा: किती रुपयांचा, किती दिवसांचा आणि त्यात काय काय मिळणार? फक्त बोलायला फोन लागत असेल, तर नेट नसलेला प्लॅन मागा. नंबर मोठ्याने सांगू नका. चिठ्ठीवर लिहून द्या आणि चिठ्ठी परत घ्या. मेसेज येईपर्यंत काउंटर सोडू नका. इंग्रजी येत नसलं तरी आकडे वाचता येतात. रक्कम आणि तारीख जुळली की मगच पैसे द्या. संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या खाड्याशेजारीच. आपला फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. साध्या रिचार्जला आधार, अंगठा, ओटीपी काहीही लागत नाही. सिम घेताना अंगठा द्यावा लागला आणि "ठसा नीट उमटला नाही, परत लावा" असं कुणी म्हणालं, तर का ते विचारा. असा दुसरा ठसा घेऊन त्याच बाईच्या नावावर आणखी एक सिम काढल्याचे प्रकार पोलिसांनी उघडकीला आणले आहेत. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या 'संचार साथी' या सोयीवर बघता येतं. घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, ती पाच मिनिटांत बघून देईल.

एवढं करूनही फसवणूक झालीच, तर त्याच दिवशी मेसेज घेऊन दुकानात जा, आणि एकट्या जाऊ नका. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या १९८ नंबरवर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तिथंही भागलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. बँकेतलेच पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० लावा. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, असं २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे बरीच वर्षं सांगितलं जायचं. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ग्राहकाचा हा हक्क मान्य केला. आणि ज्या व्यवहारात मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत आहे, त्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.

सत्तर रुपयांसाठी कुणी कोर्टात जाणार नाही, हे मलाही कळतं. पण दार उघडं आहे हे ठाऊक असलेली बाई काउंटरवर वेगळ्या आवाजात बोलते.

आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांना भाव विचारायचं कुणी नव्याने शिकवायला नको. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या आपल्यासारख्याच घरसंसारी बायका होत्या. बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुण्यात. तेव्हा प्रश्न तेल-साखरेचा होता. आज रिचार्जही किराण्याच्या यादीतच आहे, मग त्याचा हिशेब वेगळा का ठेवायचा?

म्हणून माझं बचत गटांना एकच सांगणं आहे. बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं मोबाइलला द्या. प्रत्येकीने शेवटचा रिचार्जचा मेसेज उघडायचा आणि किती दिले, किती दिवस मिळाले ते सांगायचं. एकाच दुकानात चौघींना कमी मिळालंय असं निघालं, तर चौघींनी मिळून जायचं. भांडायला नाही, हिशेब विचारायला. जिची फसवणूक झाली तिला "तुला कळत नाही" असं कुणी म्हणायचं नाही, हा त्या पाच मिनिटांचा नियम.

विचारायला पैसे पडत नाहीत, मैत्रिणींनो. न विचारण्याचे मात्र पडतात, आणि ते दर अठ्ठावीस दिवसांनी पडतात!