चकाकी म्हणजे जतन नव्हे

अमुक एक जुनी अमेरिकन मोटार ‘उत्तम जतन केलेली’ आहे असे कोणी म्हटले, की तिच्या रंगात आपले तोंड दिसते की नाही, एवढेच बहुतेक रसिक पाहतात. ही कसोटी आम्हांस मान्य नाही.

१९६३ सालची ब्यूक रिव्हिएरा घ्या. बिल मिचेल यांच्या देखरेखीखाली जनरल मोटर्सने घडविलेली ही दोन दारांची, चार जणांची ऐटदार गाडी. इंजिन ४०१ घन इंचांचे, शक्ती ३२५ अश्वशक्तीची, दारांच्या काचांना चौकट नाही. आणि पहिल्या वर्षी मुद्दाम ४०,००० च गाड्या काढलेल्या. मिशिगनमधील फ्लिंट येथे ब्यूकच्या मोठ्या कारखान्यात मोटारी जोडण्याचे काम १९९९ साली थांबले. त्या कामगारांच्या हातांची साक्ष आता मूळ रंगात आणि मूळ शिवणीतच काय ती उरली आहे. नेमकी तीच खरवडून काढून, कारखान्यातून निघतानाही नव्हती अशी चमक गाडीला आणावयाची आणि त्यास जतन म्हणावयाचे, हा कोठला न्याय?

दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. जुन्या फायलीतील पिवळा कागद काढून तेथे स्वच्छ टंकलेली प्रत लावली, तर फाईल देखणी होईल खरी. परंतु समासातील शेरे गेले, सही गेली आणि पुरावाही गेला!

‘मग गाडी गंजू द्यावी काय?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. गंज थांबवावा, सडलेला पत्रा बदलावा. मात्र बदलाची नोंद ठेवावी. या गाडीच्या चारही ब्रेकांना तेलदाबाची एकच वाट आहे. ती गळली की चारही निकामी. तेथे कोणी सुधारणा केली, तर आम्ही दोष देणार नाही. माणसाचा जीव मूळपणाहून मोठा आहे.

दुसरा पंथ गाडी कापडाखाली झाकून ठेवणाऱ्यांचा. उभ्या गाडीतील रबर सुकते, पेट्रोल चिकट होते, टायर एका बाजूस बसतात. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेनेही वाहनाचा वापर हा जतनाचाच भाग मानला आहे. चालण्यासाठी जन्मलेली वस्तू चालती राहिली, तरच ती राहिली.

चकाकी पैसे टाकून केव्हाही मिळते. मूळपण एकदा खरवडले, की ते कोणाच्याही मंजुरीने परत येत नाही.