घरच्या माणसाची नोकरी सुटते तेव्हा

संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे आम्हा आर्णीकर बायकांचं वर्तमानपत्रच! यंदा शेजारच्या काकूंकडे वाण घ्यायला गेले, तर त्यांची पुण्याची लेक घरात. ‘‘अगं वा, सणाला माहेरी!’’ असं मी म्हणताच काकू लगबगीने चहाला उठल्या. चार दिवसांनी मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘‘जावयांची नोकरी गेली हो. कुठे बोलू नका. हुशार म्हणून मुलगी दिली, आता काय खोट निघाली कोण जाणे!’’

त्या दिवशी जिनला सुटी होती, म्हणून काकूंकडे तूर पाखडायला आलेली मावशी अंगणात बसली होती. तिने सूप खाली ठेवलं. ‘‘खोट कायची जी? आमची त दरसाल नोकरी जाते. होळी झाली का जिन बंद, अन् आमी घरी. आमच्यात काय खोट हाये?’’

काकू गप्पच झाल्या. पण मावशीचं बोलणं माझ्या मनात घोळत राहिलं. नोकरी जाते ती माणसाच्या खोटीमुळेच, असं आपण किती चटकन धरून चालतो, नाही का? म्हणून आज पाककृती बाजूला ठेवून या विषयाचाच हिशेब मांडू या.

नोकऱ्या जाण्याची कारणं धंद्याधंद्यात वेगळी असतात. मावशीचं कारण हंगाम. कापूस वेचून आला की जिन सुरू, रुई आणि सरकी वेगळी झाली, गाठी बांधल्या की काम संपलं. साखर कारखान्याचंही तसंच. ऊस संपला की गाळप बंद.

दुसरं कारण यंत्र. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२०च्या सुमाराला दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायकाच बायका! पुढे नवी यंत्रं आली, थोड्या माणसांत जास्त काम काढण्याचं धोरण आलं, आणि पहिली कात्री लागली ती या खात्यांना. १९७०च्या दशकापर्यंत शंभरात पाच बायकासुद्धा गिरणीत उरल्या नाहीत. आता सांगा, त्या कामात कमी पडल्या होत्या का?

तिसरं कारण म्हणजे धंदाच दुसरीकडे जातो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघू लागलं आणि मोठ्या गिरण्या मागे पडल्या. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि लाखाहून अधिक लोकांना परत काम मिळालं नाही. पुढे गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीचा भाव मोठा झाला. आपल्या विदर्भातली, १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ साली सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. कापूस पिकवणारा मुलूख तोच, पण कापड विणणारे हात रिकामे!

चौथं कारण काकूंच्या जावयांचं. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१मध्ये, घरबसल्या खरेदी आणि संगणकावरची कामं वाढली. कंपन्यांनी भराभर माणसं घेतली. तेजी ओसरताच तीच माणसं जड झाली. नोव्हेंबर २०२२मध्ये मेटाने ११ हजार, आणि जानेवारी २०२३मध्ये गूगलने १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. अ‍ॅमेझॉनचा आकडा १८ हजारांवर गेला. एवढी सगळी माणसं एका रात्रीत नालायक होतात का हो? अंदाज चुकला मालकाचा, आणि डबा बंद झाला दुसऱ्याच्या घरचा.

आणि एका घरचा डबा बंद झाला की दुसऱ्या घरची चूलही मंदावते. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. १९८२च्या संपात जेवणाऱ्यांचाच पगार थांबला, तेव्हा या बायकांचे पैसेही अडकले. म्हणून म्हणते, हा विषय फक्त पुरुषांचा नाही.

आता थोडं कायद्याचं. घाबरू नका, निवडणं-टिपणं जमतं त्या बाईला हे सहज जमतं. ‘काम गेलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. नेमकं काय झालं ते विचारा.

ले-ऑफ म्हणजे माल, वीज वगैरे नसल्यामुळे तात्पुरतं काम न देणं; नोकरी कायम असते. ५० किंवा अधिक कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात वर्षभर सलग काम केलेल्याला या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून निम्मी रक्कम मिळते. ‘हंगामी नसलेल्या’ या शब्दांनी आपली जिनमधली मावशी मात्र बाहेर पडते, हेही ध्यानात घ्या.

कपात म्हणजे नोकरीवरून कायमचं कमी करणं. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, शिवाय पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. शेवटी आलेला आधी जातो, हा सर्वसाधारण नियम. हे १९४७च्या कायद्यात होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. फरक असा, की कपातीआधी सरकारची परवानगी लागायची ती पूर्वी १०० कामगारांपासून, आता ३०० पासून.

टाळेबंदी म्हणजे वादापायी मालकाने दार लावणं. आणि चौथा प्रकार, धंदाच कायमचा बंद.

पण मैत्रिणींनो, पाचवा एक प्रकार असतो, तो कागदावर दिसत नाही. काकूंच्या जावयांना संध्याकाळी खोलीत बोलावलं, आणि ‘राजीनामा द्या, म्हणजे पुढे नोकरीला अडचण नाही’ असं सांगून सही घेतली. बिचाऱ्यांनी लाजेपायी कुणाला विचारलंही नाही. स्वखुशीचा राजीनामा म्हटला की कपातीच्या भरपाईवरचा हक्क सुटतो. तेव्हा घरच्या माणसाला आजच सांगून ठेवा: सही त्याच क्षणी करायची नाही, कागद घरी आणायचा. ज्यांचं काम व्यवस्थापकाचं असतं, ते या कायद्याने ‘कामगार’ ठरत नाहीत. त्यांनी नेमणूकपत्रातल्या अटी नीट वाचाव्यात. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल, तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. जावयांची सहा वर्षं झाली होती. ते पैसे मागायचेसुद्धा राहून गेले होते!

एक पिशवी करा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, नोटिशीची प्रत, सगळं त्यात. शंका असेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात ही पिशवी घेऊन जा.

आणि घरात? पहिल्याच आठवड्यात मुलांसकट सगळ्यांना खरं सांगा. भाडं, किराणा, शाळेची फी, औषधं आणि हप्ते एका कागदावर लिहा. हातातली रक्कम किती महिने पुरेल ते काढा. हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन बोला. भरपाईची रक्कम एकगठ्ठा हाती येते, तेव्हा नात्यातलं लग्न आणि दिराचं दुकान दोन्ही दारात उभी राहतात. निदान सहा महिने त्या पैशाला कुणाला हात लावू देऊ नका. आणि ‘दिवसभर घरीच तर असता’ हे वाक्य जिभेवर आलं, तर गिळून टाका.

काकूंनी गेल्या आठवड्यात भिशीत स्वतःहून विषय काढला. ‘‘आमच्या जावयांच्या कंपनीने माणसं कमी केली. कुणाच्या ओळखीत काम असेल तर सांगा.’’ एवढं सरळ वाक्य! पण ते बोलायला त्यांना महिना लागला. दोघींनी तिथल्या तिथे पुण्यातल्या भावांचे फोन नंबर लिहून दिले. लेक परवा पुण्याला परत गेली, ग्रॅच्युइटीच्या अर्जाचा कागद पर्समध्ये घेऊन.

मावशीचं मात्र तसंच आहे. होळी जवळ आली, जिनमधल्या कापसाच्या गंज्या खाली बसत चालल्या. तिच्या रिकाम्या महिन्यांची सोय कुठल्याच कलमात नाही. तुमच्याकडे पापड-कुरडयांचं, निवडण-टिपणाचं काम निघेल तेव्हा अशा एखादीची आठवण ठेवाल ना? आणि मजुरी ठरवताना घासाघीस करू नका, बरं का!